सूतलडी रंगाई यंत्रसामग्री

सूत बाबिणीवर किंवा शंकूवर घट्ट न गुंडाळता मोकळ्या वेढ्यांच्या लडीच्या रूपात ठेवून रंगविण्यासाठी जी कुंडे, यंत्रे व पूरक साधने वापरतात त्यांना मिळून ही संज्ञा लावतात. ठराविक परिघाच्या फाळक्यावर सुताचे वेढे घेऊन, ते जागोजाग सैल बांधून फाळक्यावरून उतरविले म्हणजे लड तयार होते. लडीतील धागे एकमेकांवर दाबले गेलेले नसल्यामुळे रंजकाचा विद्राव त्यांच्यापर्यंत सहज पोहोचतो आणि सुताचा मूळचा मऊपणा व फुगीरपणा टिकून राहतो. मात्र हेच मोकळे धागे हाताळताना गुंततात व त्यांना पाणीही अधिक लागते. लडी रंगविण्याच्या सर्व यंत्रांची रचना या दोन परस्परविरोधी गोष्टींचा मेळ घालण्यासाठी झालेली आहे.

यंत्र निवडताना ‘एका वेळी किती किग्रॅ. सूत मावते’ हा प्रश्न बहुधा प्रथम विचारला जातो. वस्तुतः तो शेवटी विचारावयाचा प्रश्न आहे. सुताचा तंतू कोणता, रंजक कोणत्या वर्गाचे, एका छटेचा नेहमीचा घाणा (एका वेळी एकत्र रंगविले जाणारे सूत) किती मोठा आणि उपलब्ध पाणी किती व कसे, या चार गोष्टी निश्चित झाल्या की यंत्राचा प्रकार व आकार बऱ्याच अंशी आपोआप ठरतो. हा क्रम उलटा झाला, तर यंत्र उत्तम असूनही रंगाईचा धंदा तोट्यात जाऊ शकतो.

लडीच्या रूपात रंगाई का करतात : सूत शंकूच्या आकाराच्या किंवा दंडगोलाकार सच्छिद्र नळकांड्यावर गुंडाळून दाबाखाली रंगविण्याची पद्धत मोठ्या कारखान्यांत रूढ आहे. तीत सुताची गुंडाळी प्रत्येक घन सेंमी.ला सु. ०·३५ ते ०·४० ग्रॅ. इतक्या घनतेची ठेवतात व पंपाच्या साहाय्याने विद्राव तिच्यातून आतून बाहेर व बाहेरून आत ढकलला जातो. या पद्धतीत मजुरी व पाणी कमी लागते. परंतु गालिच्यासाठी लागणारी जाड लोकर, हातविणकामाचे फुगीर ॲक्रिलिक सूत आणि मऊ रेशीम यांना गुंडाळीतील दाब मानवत नाही. अशी सुते लडीच्या रूपातच रंगविणे इष्ट ठरते.

सुती सुताच्या बाबतीत लडीचे कारण वेगळे आहे. हातमागाचा विणकर लडीच्या रूपातील सूत विकत घेतो, त्याला खळ देतो, ते फाळक्यावर चढवून उकलतो आणि त्यापासून ताणा व बाण्याच्या कांड्या तयार करतो. त्याला एका रंगाचे सूत थोडेच लागते, पण रंग मात्र अनेक लागतात. अशा विणकरांना लडीचे सूत मिळत राहावे म्हणून भारतात १९५५ च्या अत्यावश्यक वस्तू कायद्याखाली सूतगिरण्यांवर बंधन घालण्यात आले. बाजारात विक्रीसाठी बांधावयाच्या सुतापैकी ठराविक हिस्सा लडीच्या रूपात बांधणे त्यांना आवश्यक ठरले. २००३ च्या अधिसूचनेने हा हिस्सा ४०% ठरविण्यात आला व २०१९ मध्ये तो ३०% वर आणण्यात आला.

याउलट शंकूवर विकत घेतलेले सूत रंगवून पुन्हा शंकूवरच हवे असेल, तर ते लडीत उतरविणे व रंगविल्यावर परत गुंडाळणे या दोन जादा क्रिया कराव्या लागतात. त्यांत मजुरी जाते व तुटलेल्या धाग्यांचा अपव्ययही होतो. एकाच छटेचे मोठे घाणे सातत्याने मिळत असतील, तर अशा ठिकाणी लडी रंगविण्याचे यंत्र न घेणे हाच योग्य निर्णय होय.

ऐतिहासिक आढावा : रंगविद्रावाच्या कुंडात आडव्या दांड्यांवर लडी टांगून त्या हातांनी फिरवीत राहणे ही सर्वांत जुनी रीत असून ती आजही लहान रंगशाळांत आढळते. १८५६ साली विल्यम हेन्री पर्किन यांनी पहिले व्यापारी महत्त्वाचे संश्लिष्ट रंजक तयार केले. १९०१ साली रेने बोन यांनी इंडॅंथ्रोन या व्हॅट रंजकाचा शोध लावला आणि १९५६ साली सेल्यूलोजाशी रासायनिक बंधाने जोडली जाणारी विक्रियाशील रंजके बाजारात आली [⟶ रंजक व रंजकद्रव्ये]. रंजकांच्या प्रत्येक नव्या वर्गाबरोबर तापमान, हवेचा संपर्क व धुलाई यांविषयीच्या गरजा बदलल्या आणि कुंडाच्या जागी यंत्रे आली. प्रारंभीच्या यंत्रांत माणसाच्या हाताची नक्कल करून लडी फिरविल्या जात. पुढे लडी स्थिर ठेवून विद्रावच फिरविण्याची कल्पना पुढे आली.

लडीची घडण : सुती सुताची एक प्रमाणित लड ८४० यार्ड (सु. ७६८ मी.) लांबीची असते. सुताच्या एक पौंड वजनात अशा जितक्या लडी बसतात, तो त्या सुताचा इंग्रजी पद्धतीचा सूतांक होय. धंद्यात त्याला सुताचा नंबर म्हणतात. फाळक्याचा परिघ ५४ इंच (सु. १३७ सेंमी.) असतो. त्यावर ८० वेढे घेतले की १२० यार्डांची एक पोटलड होते व अशा सात पोटलडी मिळून पूर्ण लड बनते. त्यामुळे ४० नंबरच्या सुताच्या १० पौंडी गठ्ठ्यात ४०० लडी, तर २० नंबरच्या गठ्ठ्यात २०० लडी असतात. वजन तेच असले तरी लडींची संख्या दुप्पट असल्यामुळे त्या टांगण्याचे व सोडविण्याचे कामही जवळजवळ दुप्पट होते. यंत्राची क्षमता केवळ किग्रॅ. मध्ये सांगणे अपुरे का असते, हे यावरून लक्षात येईल.

५४ इंच परिघाची लड दांडीवर टांगली असता तिची लोंबती लांबी सु. ६८ सेंमी. भरते. वरच्या व खालच्या दांड्यांमधील अंतर यापेक्षा किंचित कमी हवे. सूत ओले झाल्यावर आटते. दांड्यांत ते आधीच ताणलेले असेल, तर दांडीशी टेकलेल्या भागात विद्राव शिरत नाही व तेथे फिकट पट्टा उमटतो. अंतर फार कमी ठेवल्यास लडी सैल पडून प्रवाहाबरोबर गुंततात. वेगवेगळ्या परिघाच्या लडी रंगवावयाच्या असल्यास दांड्यांमधील अंतर कमीजास्त करता येईल असेच यंत्र घ्यावे लागते.

लडीचे वेढे सरळ पोटलडींत घेतात किंवा तिरपे एकमेकांना छेदून घेतात. तिरप्या वेढ्यांची लड यंत्रात चांगली उमलून राहते व नंतर उकलताना कमी तुटते. लड तीन-चार ठिकाणी सैल बांधावी लागते. घट्ट बांधलेल्या जागी रंग पोहोचत नाही. पोचमपल्ली किंवा पाटोळा यांसारख्या वस्त्रांत धागा मुद्दाम घट्ट बांधून याच गुणधर्मातून नक्षी निर्माण करतात. साध्या रंगाईत मात्र तो दोष ठरतो. बांधणीतील असा दोष कोणत्याही यंत्राला दुरुस्त करता येत नाही.

रंगाईचे तत्त्व : विद्रावातील रंजक तंतूच्या पृष्ठभागावर येते, आत शिरते व तेथे स्थिर होते. तंतूभोवतीच्या पातळ थरातील रंजक शोषले गेल्यावर तेथे ताजा विद्राव येत राहिला, तरच सर्व धागे सारखे रंगतात. म्हणून सूत व विद्राव यांच्यात सापेक्ष गती असणे आवश्यक असते. ही गती कशी निर्माण केली जाते, यावरून यंत्रांचे प्रकार पडतात. सुताचे वजन व विद्रावाचे वजन यांच्या गुणोत्तराला द्रवप्रमाण म्हणतात. १ किग्रॅ. सुतासाठी २० लि. विद्राव लागत असेल, तर द्रवप्रमाण १ : २० होय. यंत्राची तुलना करण्याचे हे सर्वांत उपयुक्त एकच माप आहे.

यंत्रांचे प्रकार : (१) हातकुंड : अगंज पोलादाच्या कुंडावर दांड्या टाकून लडी हातांनी फिरवितात. द्रवप्रमाण साधारणपणे १ : २० ते १ : ३० असते. भांडवल अत्यल्प लागते व दोन-चार किग्रॅ. चा घाणाही काढता येतो. रंगाचा सारखेपणा कामगाराच्या कौशल्यावर अवलंबून असतो. उकळता विद्राव, कॉस्टिक सोडा व वाफा यांच्याशी त्याचा सतत संबंध येत असल्याने हातमोजे, गमबूट, वायुवीजन व पुरेसा उजेड यांची सोय ही या साधनाची अंगभूत गरज समजली पाहिजे.

(२) फिरत्या रुळांचे यंत्र : कुंडावरील रुळांवर लडी टांगलेल्या असून त्यांचा खालचा भाग विद्रावात बुडतो. रूळ ठराविक काळाने उलटसुलट फिरतात, त्यामुळे लडीचा प्रत्येक भाग आळीपाळीने विद्रावात येतो. हातकुंडाचेच हे यांत्रिक रूप होय. जाड व मध्यम सुती सुतासाठी ते पुरेसे असते. बारीक सूत मात्र सततच्या फिरण्याने पिंजते.

(३) फवारा यंत्र : लडी सच्छिद्र पोकळ भुजांवर टांगतात. पंपाने भुजांत आलेला विद्राव छिद्रांतून लडींवर वाहतो, खालच्या हौदात जमतो व पुन्हा वर नेला जातो. लड थोड्या थोड्या वेळाने पुढे सरकविली जाते. प्रवाह सौम्य असल्यामुळे रेशीम, व्हिस्कोज रेयॉन व बारीक सुती सूत यांना हे यंत्र मानवते. एकेक भुजा भरता येत असल्याने लहान घाण्यांचीही सोय होते.

(४) पंख्याने विद्राव फिरविण्याचे यंत्र : हुसाँग यंत्र हे याचे प्रसिद्ध उदाहरण. झाकणाला जोडलेल्या दांड्यांवर लडी टांगून ते सर्व एकदम कुंडात उतरवितात. आडभिंतीपलीकडील पंखा सच्छिद्र तळातून विद्राव लडींमधून फिरवितो व त्याची दिशा उलट करता येते. लडी पूर्णपणे बुडलेल्या व स्थिर राहतात. लोकर व ॲक्रिलिक यांसाठी हे यंत्र विशेष प्रचारात आहे. पाण्याचे प्रमाण मात्र त्यात बरेच असते.

(५) कपाटयंत्र : चौकोनी बंद कपाटात दांड्यांच्या चौकटीवर लडी दाटीने बसवितात आणि शक्तिमान पंपाने विद्राव वरून खाली किंवा उलट दिशेने खेळवितात. द्रवप्रमाण १ : ८ ते १ : १२ पर्यंत खाली आणता येते. तापमान व वेळ यांचे स्वयंचलित नियंत्रण करणे यात सोपे जाते. लडी सर्वत्र सारख्या दाटीने न भरल्यास विद्राव मोकळ्या वाटेने निघून जातो व दाट भाग फिकट राहतो, ही याची मुख्य मर्यादा होय.

तंतू व रंजक यांवरून निवड : लोकर गरम पाण्यात घुसळली गेली की आटून तिचा नमदा बनतो, म्हणून तिच्यासाठी लडी स्थिर ठेवणारी यंत्रेच योग्य ठरतात. ॲक्रिलिक तंतूची अंतर्गत रचना सु. ८०° से. च्या आसपास एकाएकी सैल होऊन रंजक झपाट्याने ओढले जाते. या टप्प्यापासून उकळबिंदूपर्यंत तापमान अतिशय सावकाश वाढविता आले पाहिजे आणि शेवटी तितकेच सावकाश उतरविता आले पाहिजे. एकदम थंड पाणी सोडल्यास सुतात कायमच्या चुण्या पडतात. पॉलिएस्टर तंतू नेहमीच्या रीतीने रंगविण्यास सु. १३०° से. तापमान लागते. उघड्या किंवा साध्या झाकणाच्या यंत्रात ते मिळणे शक्य नसते. त्यासाठी दाबपात्रच हवे.

सुती सुतासाठी रंजकाचा वर्ग निर्णायक ठरतो. विक्रियाशील रंजकांना त्यांच्या प्रकारानुसार सु. ३०°, ६०° किंवा ८०° से. तापमान लागते. त्यांच्या रंगाईत सूत काही काळ हवेत राहिल्याने बिघडत नाही, म्हणून त्यांना फवारा यंत्र चालते. व्हॅट रंजकांचे तसे नाही. ती कॉस्टिक सोडा व सोडियम हायड्रोसल्फाइट यांच्या साहाय्याने विद्राव्य रूपात आणावी लागतात आणि हवेतील ऑक्सिजनाच्या संपर्काने ती लगेच अविद्राव्य होतात. फवारा यंत्रात विद्राव सतत हवेतून पडत असल्यामुळे हायड्रोसल्फाइट अधिक खर्ची पडते व रंग डागाळण्याचा संभव वाढतो. ज्या रंगशाळेत व्हॅट रंजकांचे काम मुख्य आहे, तेथे सूत पूर्ण बुडवून ठेवणारे किंवा बंद यंत्रच घ्यावे. नॅप्थॉल रंजकांच्या रंगाईत दोन वेगवेगळ्या विद्रावांतून सूत काढावयाचे असून मध्ये ते पिळावे लागते; त्यामुळे त्यांचे काम बव्हंशी उघड्या कुंडांत केले जाते.

घाण्याचा आकार : यंत्राची क्षमता सर्वांत मोठ्या मागणीवरून न ठरविता नेहमीच्या मागणीवरून ठरवावी. १०० किग्रॅ. क्षमतेच्या व १,००० लि. विद्रावाच्या यंत्रात ३० किग्रॅ. सूत रंगविले, तर द्रवप्रमाण १ : १० ऐवजी सु. १ : ३३ होते. प्रत्येक किग्रॅ. सुतामागे पाणी, मीठ व वाफ यांचा खर्च तिपटीहून अधिक होतो. शिवाय विद्राव पातळ झाल्यामुळे रंजक कमी शोषले जाऊन छटा फिकी येते. पूर्ण भरलेल्या यंत्रासाठी बसविलेली कृती अशा वेळी निरुपयोगी ठरते. काही कपाटयंत्रांत पडदा घालून एक भाग बंद करता येतो व विद्रावाची पातळी खाली ठेवता येते. ही सोय असल्यास किमान किती सूत भरता येते, हे निर्मात्याकडून लेखी घ्यावे.

दुसरी बाब वेळेची. पूर्वप्रक्रिया, रंगाई व धुलाई मिळून एका घाण्याला ८ तास लागत असतील, तर २४ तासांत एका यंत्रातून तीनच छटा निघतात, मग ते यंत्र ५० किग्रॅ. चे असो वा ५०० किग्रॅ. चे. दिवसाला आठ छटांची मागणी असलेल्या रंगशाळेला एक मोठे यंत्र उपयोगी पडत नाही. तिला लहानमोठी तीन यंत्रे हवीत. यंत्रांच्या क्षमता एकमेकींच्या पटीत असाव्यात व सर्वांचे द्रवप्रमाण सारखे असावे, म्हणजे एका यंत्रावर बसलेली छटा दुसऱ्यावरही जुळते. याच द्रवप्रमाणाचे एक-दोन किग्रॅ. चे नमुना यंत्र असल्यास छटा बसविण्यासाठी मोठा घाणा पणाला लावावा लागत नाही.

पाणी, मीठ व उष्णता : द्रवप्रमाणाचा परिणाम पुढील हिशेबावरून स्पष्ट होईल. १०० किग्रॅ. सुती सूत विक्रियाशील रंजकाने ८०° से. तापमानास रंगवावयाचे आहे आणि पूर्वप्रक्रियेपासून अखेरच्या धुलाईपर्यंत आठ वेळा यंत्र भरावे लागते, असे समजू. सुताने धरून ठेवलेले पाणी येथे हिशेबात घेतलेले नाही. १ : २० प्रमाणास प्रत्येक वेळी २,००० लि. म्हणजे एकूण १६,००० लि. पाणी लागेल, १ : १० प्रमाणास ते ८,००० लि. होईल. रंगविद्रावात दर लिटरला ६० ग्रॅ. मीठ घालावयाचे असल्यास पहिल्या यंत्रात १२० किग्रॅ. व दुसऱ्यात ६० किग्रॅ. मीठ लागेल. विद्रावाचे तापमान ३०° वरून ८०° से. पर्यंत नेण्यास अनुक्रमे १,००,००० व ५०,००० किलोकॅलरी उष्णता लागेल. १ किग्रॅ. वाफेपासून सु. ५०० किलोकॅलरी मिळतात असे धरल्यास ही वाफ अनुक्रमे २०० व १०० किग्रॅ. भरते. गरम साबणधुलाईची उष्णता याहून वेगळी. यंत्राच्या किमतीतील फरक या रोजच्या खर्चाशी ताडून पाहिल्याशिवाय ‘स्वस्त’ यंत्र खरोखर स्वस्त आहे की नाही, ते कळत नाही.

पाण्याचा कठीणपणाही तितकाच महत्त्वाचा आहे. कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या लवणांमुळे काही रंजके साकळतात, साबण वाया जातो व सुतावर डाग पडतात. लोहामुळे छटा मळकट होतात. विंधणविहिरीच्या पाण्यावर अवलंबून असलेल्या रंगशाळेने पाण्याचे रासायनिक परीक्षण प्रथम करून घ्यावे व मृदुकरण संयंत्राचा खर्च मूळ अंदाजातच धरावा.

घडणीचा धातू, पंप व नियंत्रणे : विद्रावाशी संबंध येणारे सर्व भाग अगंज पोलादाचे असावेत. मिठातील क्लोराइडामुळे साध्या प्रतीच्या अगंज पोलादालाही बारीक खड्डे पडतात, म्हणून २ ते ३% मॉलिब्डेनम असलेली ३१६ ही प्रत पसंत केली जाते. ब्लीचिंग पावडर किंवा सोडियम हायपोक्लोराइट यांनी विरंजन करावयाचे असेल, तर ते रंगाईच्या यंत्रात न करता वेगळ्या कुंडात करणे हिताचे असते. हायड्रोजन पेरॉक्साइडाने विरंजन केल्यास हा धोका राहत नाही. जोडणीचे सांधे गुळगुळीत असावेत. खडबडीत सांध्यात धागे अडकतात व आधीच्या गडद रंगाचा अंश राहून पुढचा फिकट घाणा डागाळतो.

पंपाची अश्वशक्ती सांगितल्याने फारसा बोध होत नाही. पूर्ण भरलेल्या यंत्रात मिनिटाला किती लिटर विद्राव फिरतो, ते विचारावे. १,००० लि. विद्रावासाठी २,००० लि. चा प्रवाह असेल, तर मिनिटाला दोन फेऱ्या होतात. प्रवाह कमी पडल्यास रंग असमान बसतो. अति झाल्यास लडी गुंततात. त्यामुळे प्रवाह कमीजास्त करण्याची सोय असावी. रंजक व सोडा थेट सुतावर न ओतता वेगळ्या टाकीतून हळूहळू मिसळता येणे, तापमानवाढीचा वेग ठरविता येणे आणि पाण्याचे मापक बसविलेले असणे या तीन सोयी महागड्या स्वयंचलित यंत्रणेपेक्षाही आधी पाहाव्यात. उघडी वाफ विद्रावात सोडल्यास तिचे पाणी होऊन विद्रावाचे प्रमाण बदलते, म्हणून बंद नळ्यांनी तापविणे अधिक चांगले.

पूरक साधने : रंगशाळेचे उत्पादन तिच्यातील सर्वांत मंद साधनावरून ठरते. ओल्या लडींतील पाणी काढण्यासाठी, धंद्यात ‘हायड्रो’ या नावाने ओळखले जाणारे केंद्रोत्सारक यंत्र वापरतात. त्यानंतरही सुती सुतात त्याच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक पाणी उरते. पुढे लडी गरम हवेच्या कोठीत किंवा सावलीत दांड्यांवर वाळवितात. पावसाळ्यात सावलीतील वाळवण अडून पडते व रंगविलेल्या सुताचे ढीग साचतात, म्हणून कोठीची क्षमता पावसाळ्याच्या मानाने ठरवावी. सुताला चकाकी आणणारे मर्सरीकरण लडी ताणून धरून तीव्र कॉस्टिक सोड्यात करावे लागते. ते रंगाईच्या यंत्रात होत नाही व त्यासाठी स्वतंत्र यंत्र लागते. लडी उकलून गुंडाळणारी यंत्रे, वाफेचा बॉयलर व लडी टांगण्यासाठी मोकळी जागा यांचाही एकत्रित आराखडा करावा लागतो.

सांडपाणी : सुताने न घेतलेले रंजक व जवळजवळ सर्व मीठ सांडपाण्यात जाते. दर लिटरला ६० ग्रॅ. मीठ असलेला वापरून झालेला विद्राव समुद्राच्या पाण्याहून खारट असतो, कारण समुद्राच्या पाण्यात सरासरी सु. ३५ ग्रॅ. क्षार असतात. चुना, तुरटी किंवा जीवाणू यांच्या साहाय्याने होणाऱ्या नेहमीच्या शुद्धीकरणाने रंग व सेंद्रिय भार कमी होतो. विरघळलेले मीठ मात्र तसेच राहते. ते काढण्यास व्यस्त तर्षण व बाष्पीभवन या खर्चिक पद्धती वापराव्या लागतात. हे पाणी शेतात गेल्यास जमीन खारावते आणि विहिरी निकामी होतात. तमिळनाडूतील तिरुप्पूर येथे नोय्यल नदीच्या प्रदूषणावरून २०११ साली मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने रंगाईचे कारखाने बंद करण्यात आले. महाराष्ट्रातही इचलकरंजी परिसरात पंचगंगेच्या प्रदूषणाचा प्रश्न कापड-प्रक्रिया उद्योगाशी निगडित राहिला आहे. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यानुसार रंगशाळेला राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घ्यावी लागते. अर्ध्या द्रवप्रमाणाचे यंत्र घेतल्याने सांडपाण्याचे घनफळ व मिठाचे वजन दोन्ही सुमारे अर्धी होतात, म्हणजे शुद्धीकरणाची पहिली पायरी यंत्राच्या निवडीतच असते.

खरेदीपूर्व चाचणी : यंत्राची परीक्षा गडद काळ्या किंवा तांबड्या रंगावर घेऊ नये, कारण अशा रंगांत असमानता लपून जाते. फिकट करडी किंवा मोरपिशी यांसारखी सहजासहजी सारखी न बसणारी छटा निवडून यंत्र पूर्ण भरावे. कोपऱ्यांतील, मध्यभागातील, वरच्या व खालच्या दांड्यांवरील लडी खुणा करून वेगळ्या काढाव्यात, त्यांतील सुताची एकाच पट्टीत शेजारी शेजारी विणाई करावी व ती दिवसाच्या उजेडात पाहावी. लडींमधील सूक्ष्म फरक सुट्या लडीत दिसत नाही, तो कापडात पट्ट्यांच्या रूपाने उमटतो. त्याच वेळी पाण्याचे माप, लागलेला वेळ व उकलताना तुटलेल्या धाग्यांची संख्या यांची नोंद ठेवावी. दुसऱ्या चाचणीत यंत्र निम्मेच भरून छटा कितपत जुळते, हे पाहावे.

सोलापूरच्या चादरी, निरनिराळ्या केंद्रांतील हातमागाच्या साड्या किंवा पैठणीचे रेशीम यांसाठी सूत विणण्यापूर्वीच रंगविले जाते, त्यामुळे त्यांच्या रंगाचा पक्केपणा व सारखेपणा रंगशाळेतच ठरतो. विणकर लडीचे पैसे आधी मोजतो आणि दोष मात्र कापड मागावरून उतरल्यावर उघड होतो. तोपर्यंत त्याची मजुरीही त्यात गुंतलेली असते. पाण्याची टंचाई असलेल्या आणि लहान घाण्यांची मागणी असलेल्या अशा भागांत एका मोठ्या यंत्रापेक्षा कमी द्रवप्रमाणाची लहान व मध्यम यंत्रे, एक नमुना यंत्र आणि अगदी थोड्या सुतासाठी सुरक्षित केलेले हातकुंड अशी जुळणी बहुतेक वेळा अधिक किफायतशीर ठरते. ज्या लहान रंगशाळांना स्वतंत्र शुद्धीकरण संयंत्र परवडत नाही, त्यांनी सामाईक संयंत्राची सोय असलेल्या ठिकाणीच यंत्रसामग्री उभारणे श्रेयस्कर होय.